सिकलसेल आजारावरील उपचार, संशोधन आणि प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिकलसेल आजारात शरीरात नेमके काय बिघडते?

आपल्या लाल रक्तपेशींमध्ये हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन असते. त्याच्या बीटा साखळीची रचना ठरवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. या जनुकात एका ठिकाणी बदल झाला की साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते आणि हिमोग्लोबिन एस तयार होते. प्राणवायू सोडून दिल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, पेशी ताठ होते आणि तिचा आकार विळ्यासारखा होतो. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर अशी पेशी अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होते. म्हणून रुग्णाला कायमचा रक्तक्षय असतो आणि डोळे पिवळे दिसतात. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडे, छाती आणि पोट यांत उठणाऱ्या असह्य कळा, फुप्फुसाचा गंभीर विकार, लहान वयात पक्षाघात आणि खुब्याच्या हाडाची झीज हे सगळे त्यातूनच उद्भवते.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते ते शोधून काढले. ज्याचे रेणवीय कारण सर्वांत आधी कळले, असा हा आजार आहे. तरीही त्यावरचे पहिले प्रभावी औषध मान्य व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. ज्यांना हा आजार होतो त्यांचा आवाज प्रयोगशाळांपर्यंत आणि अर्थसंकल्पांपर्यंत पोहोचत नव्हता, हे या दिरंगाईचे एक मोठे कारण आहे असे मला वाटते.

विदर्भात आणि नंदुरबारमध्ये हा आजार इतका का आढळतो?

ज्या व्यक्तीला हे जनुक एकाच पालकाकडून मिळते, तिला फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या समाजांत त्यामुळे हे जनुक टिकून राहिले. आफ्रिका, अरबस्तान आणि मध्य भारतातील जंगलपट्टा यांत ते आढळण्याचे कारण हेच आहे.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि त्याच सुमारास आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. नागपूरहून मध्य भारतातील वाहकांविषयीचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट आणि उत्तरेकडे नंदुरबार या भागांत हा आजार प्रामुख्याने दिसतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. मात्र विदर्भातील अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागास वर्गांतील काही समाजांतही तो आढळतो, म्हणून ‘हा फक्त आदिवासींचा आजार’ असे मानणे चूक आहे. या समजुतीपायी अनेक मुलांचे निदान वर्षानुवर्षे लांबते आणि तोवर त्यांच्यावर संधिवाताचे किंवा काविळीचे उपचार होत राहतात.

‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांत काय फरक आहे?

सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर ती व्यक्ती वाहक असते, आणि अहवालात ‘एएस’ असे लिहिलेले असते. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, त्याला औषधांची गरज नसते आणि वाहक पुढे कधी रुग्ण होत नाही. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तर ती व्यक्ती ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असते. एका पालकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले तरीही आजार होतो, आणि साध्या चाचणीत तो सहज नजरेआड होतो.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो बरोबर नाही, कारण प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. वाहकाने मुक्त व्यक्तीशी लग्न केले तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. मात्र जोडीदार थॅलेसेमियाचा किंवा हिमोग्लोबिनच्या अन्य दोषाचा वाहक नाही, हेही तपासून घ्यावे.

गावातल्या शिबिरात ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असे सांगितले. याचा अर्थ काय?

ही पहिली चाळणी आहे, निदान नव्हे. बोटाला सुई टोचून घेतलेले थोडेसे रक्त एका द्रावणाच्या नळीत टाकतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. द्रावणातून रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात हिमोग्लोबिन एस आहे. पण नळी वाहकाच्या रक्तानेही गढूळ होते आणि रुग्णाच्या रक्तानेही. त्यामुळे दोघांतला फरक या चाचणीतून कळत नाही. सहा महिन्यांहून लहान बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, म्हणून त्या वयात ही चाचणी भरवशाची नसते. रक्त फारच कमी असलेल्या व्यक्तीतही ती चुकीने निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची पुढची तपासणी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एचपीएलसी यंत्रावर व्हायलाच हवी; रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार या दोन्हींत वेगवेगळे दिसतात. अलीकडे एका थेंबावर काही मिनिटांत ‘एए’ (म्हणजे मुक्त), ‘एएस’ आणि ‘एसएस’ वेगळे दाखवणाऱ्या पट्ट्याही उपलब्ध झाल्या आहेत. नमुना तालुक्याहून जिल्ह्याला जातो आणि अहवाल परत येईपर्यंत कुटुंब ऊसतोडणीला किंवा मिरची तोडायला परमुलखात गेलेले असते. अशा कुटुंबांसाठी जागेवरच निकाल देणाऱ्या या पट्ट्यांचे मोल फार मोठे आहे. अहवालाची प्रत मागून घ्या आणि ती आधार कार्डाइतकीच जपून ठेवा.

आज उपलब्ध असलेला सर्वांत भरवशाचा उपचार कोणता?

हायड्रॉक्सियुरिया. हे रोज तोंडाने घ्यायचे औषध आहे आणि भारतात ते तुलनेने स्वस्त असून शासकीय रुग्णालयांतून मोफत दिले जाते.

त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की, हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. त्याचे श्रेय त्यांनी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला दिले. हे हिमोग्लोबिन रक्तात असेपर्यंत हिमोग्लोबिन एसचे तंतू जुळत नाहीत. ते ओसरू लागले की लक्षणे सुरू होतात. तेव्हापासून संशोधकांपुढे प्रश्न होता तो हे हिमोग्लोबिन मोठेपणीही कसे वाढवायचे याचा. मूळचे रक्ताच्या कर्करोगावरचे हायड्रॉक्सियुरिया ते करू शकते असे १९८० च्या दशकात दिसून आले. अमेरिकेतील प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदनेचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी घटले होते आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. तान्ह्या बाळांवरील चाचणीने २०११ मध्ये लहान वयातील उपयोग दाखवला. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतील मुलांवरील अभ्यासाने २०१९ मध्ये हे औषध कमी साधनांच्या दवाखान्यांतही सुरक्षितपणे देता येते, झटके आणि रक्त चढवण्याची गरज त्यामुळे कमी होते, आणि मलेरिया व मृत्यूचे प्रमाणही घटते, हे सिद्ध केले. हिवतापाच्या प्रदेशात औषध सुरक्षित ठरेल का, ही शंका त्यामुळे मिटली, आणि गडचिरोलीसाठी हा निष्कर्ष अमेरिकेतल्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

कर्करोगाचे औषध म्हणून भीती वाटते. ते मुलाला आयुष्यभर द्यायचे का?

ही भीती रास्त आहे आणि तिला उडवून लावणाऱ्या डॉक्टरांपेक्षा समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. सिकलसेलसाठी या औषधाची मात्रा वजनानुसार ठरते. ते सुरू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची संपूर्ण तपासणी करावी लागते. पेशी ठरावीक मर्यादेखाली गेल्या तर औषध काही दिवस थांबवून कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये अनेक वर्षांच्या वापरानंतरही कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. गरोदर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने आणि मूल हवे असलेल्या पुरुषाने मात्र आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात हे औषध टाळतात आणि पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटू शकते.

फायदा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून, किंवा सहा महिन्यांनी ‘आता बरा आहे’ म्हणून औषध बंद करणे या दोन्ही गोष्टी सर्रास घडतात आणि दोन्हींनी नुकसान होते. आणखी एक अडचण कॅप्सूलची आहे. १० किलोच्या मुलाला १०० ते २०० मिलिग्रॅम औषध हवे असते आणि हाती असते ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. ती फोडून, पाण्यात कालवून अंदाजाने दिलेली मात्रा कधी कमी पडते, कधी जास्त होते. २०२३ मध्ये भारतात साध्या तापमानाला टिकणारे पातळ औषध तयार झाले. ते शेवटच्या उपकेंद्रापर्यंत नियमित पोहोचले पाहिजे.

भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

अर्धसत्य आहे. भारतातील बहुतेक रुग्णांमध्ये या जनुकाचा अरब-भारतीय प्रकार आढळतो आणि त्यांच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मुळातच जास्त असते. ओडिशातील बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि जमैकातील संशोधक ग्रॅहम सर्जंट यांच्या एकत्रित कामातून १९८६ मध्ये हे पुढे आले. त्यावरून ‘भारतीय रुग्णांचे फारसे बिघडत नाही’ असा सोयीस्कर निष्कर्ष अनेकांनी काढला. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा विदर्भातील मुलांमध्ये वारंवार झटके, गंभीर रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग बराच असल्याचे दिसले. दक्षिण गुजरातमधील आदिवासी मुलांपेक्षा नागपूरकडील मुलांचा आजार अधिक तीव्र असल्याचेही तुलनेत आढळले आहे. एका प्रदेशातील निष्कर्ष दुसऱ्या प्रदेशावर लादता येत नाही, म्हणून स्थानिक संशोधनाला पर्याय नाही.

मात्रेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. नागपूरच्या चाचणीत किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या ठरावीक, कमी मात्रेनेही मुलांचे झटके लक्षणीय घटले. उलट युगांडातील मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक मात्रेपेक्षा रक्ततपासणी पाहत हळूहळू वाढवलेल्या मात्रेचा फायदा अधिक दिसला. माझ्या मते, जिथे दर दोन महिन्यांनी रक्ततपासणीची खात्री नाही तिथे कमी मात्रा नियमित देणे हेच शहाणपणाचे आहे. जिथे प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित डॉक्टर दोन्ही आहेत, तिथे मात्रा वाढवण्याचा विचार न करणे हा रुग्णावर अन्याय आहे.

प्रशिक्षण म्हणजे काय, आणि ते कोणाला दिले जाते?

या आजारात उपचाराचा मोठा भाग तज्ज्ञाच्या हाती नसतो. रक्तविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात आणि रुग्ण धडगाव, भामरागड, धारणीत असतो. मधले अंतर भरून काढणाऱ्या प्रत्येकाला शिकवावे लागते.

सुरुवात आई-वडिलांपासून करतो, कारण त्यासाठीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. लहान मुलात अचानक प्लीहेत (पाणथरीत) रक्त साचते, ती काही तासांत फुगते आणि मूल पांढरेफटक पडून दगावू शकते. जमैकातील किंग्स्टन येथे जन्मतःच निदान झालेल्या मुलांच्या आयांना प्लीहा चाचपायला शिकवण्यात आले. मूल उताणे झोपवायचे, पोट सैल असताना डाव्या बरगडीखाली बोटांची टोके हलकेच ठेवायची, मूल श्वास घेते तेव्हा बोटांना काही टेकते का ते पाहायचे, आणि नेहमी किती बोटे लागते ते लक्षात ठेवायचे. त्याहून मोठी लागली आणि मूल मलूल झाले तर थेट रुग्णालय गाठायचे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या प्रशिक्षणानंतर अशा १०० घटनांमागे मृत्यू २९ वरून सुमारे ३ वर आले. यंत्र नाही, नवे औषध नाही, केवळ आईच्या बोटांना दिलेले शिक्षण. भारतीय रुग्णांत प्लीहा मोठ्या वयापर्यंत कार्यरत राहते, म्हणून आपल्याकडे हे कौशल्य शाळकरी मुलांच्या पालकांनाही हवे.

आशा कार्यकर्ती आणि उपकेंद्रातील परिचारिका (एएनएम) यांना शिबिरात चाचणी करणे शिकवले जाते, पण तेवढे पुरत नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला ताप १०१ फॅरनहाइटपर्यंत गेला तर पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचे नाही, पाच वर्षांखालील मुलाला पेनिसिलिन रोज मिळते का ते पाहायचे, न्यूमोकोकल लस चुकली असेल तर ती द्यायला लावायची, फॉलिक अ‍ॅसिड संपण्याआधी पोहोचवायचे आणि हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याची रक्ततपासणी कधी झाली ते वहीत पाहायचे, ही तिची खरी कामे आहेत. लोहाच्या गोळ्यांचाही मुद्दा आहे. रक्त कमी दिसले की लोह द्यायचे हा सर्वांच्या अंगवळणी पडलेला नियम सिकलसेलच्या, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्या, रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय त्या द्यायच्या नाहीत, हे तिला ठाऊक असले पाहिजे.

वैद्यकीय अधिकाऱ्याला मात्रा ठरवणे, रक्ताचा अहवाल वाचून औषध थांबवणे किंवा वाढवणे, छातीच्या गंभीर विकाराची लक्षणे ओळखणे आणि रक्त कधी चढवायचे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे कधी चढवायचे नाही, हे शिकावे लागते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाला एचपीएलसीचा आलेख वाचण्याचा सराव हवा, कारण सिकल-बीटा थॅलेसेमिया तिथेच निसटतो. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था हिमोग्लोबिनच्या दोषांवर अनेक दशके काम करीत आहे. तिच्या कामाला जोडून चंद्रपूर येथे हिमोग्लोबिन विकारांचे संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. केंद्र रुग्णांच्या पट्ट्यात असल्यामुळे प्रशिक्षणार्थी रुग्णासमोर शिकू शकतात.

एकदिवसीय कार्यशाळेविषयी माझे मत स्पष्ट आहे. सकाळी नोंदणी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र अशा पद्धतीने हे काम शिकता येत नाही. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरने स्वतःचे रुग्ण दर पंधरवड्याला दूरदृश्य प्रणालीवर तज्ज्ञासमोर मांडावेत, चुकले तर तिथेच दुरुस्ती व्हावी आणि हे वर्षभर चालावे, ही पद्धत अनेक आजारांत उपयोगी ठरली आहे. बदली झाली की प्रशिक्षित माणूस जातो आणि रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून प्रत्येक केंद्रात किमान दोघे प्रशिक्षित असावेत.

झटका आल्यावर रुग्णालयात वेदना कमी करण्याचे पुरेसे औषध मिळत नाही. असे का?

ही तक्रार खरी आहे आणि फार जुनी आहे. वेदना बाहेरून दिसत नाही. तरुण रुग्ण वारंवार येऊन इंजेक्शन मागतो, तेव्हा त्याच्यावर व्यसनाचा संशय घेतला जातो. तीव्र झटक्यात मॉर्फिनसारख्या औषधाची गरज असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे त्याचा साठा ठेवणे रुग्णालयांना किचकट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी भीती उरली आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक औषध द्यावे, थोड्या-थोड्या वेळाने वेदना पुन्हा विचारून पुढची मात्रा ठरवावी आणि सोबत पाणी, ऊब व श्वासाचा व्यायाम असावा. अपघात विभागातील परिचारिका आणि आंतरवासिता करणारे डॉक्टर यांना हे शिकवणे तातडीचे आहे. घरी मात्र भरपूर पाणी पिणे, थंडीत उबदार कपडे, विहिरीच्या गार पाण्यात पोहणे टाळणे आणि उन्हात अतिश्रम न करणे यांमुळे बरेच झटके टाळता येतात. शाळेतील शिक्षकांनी अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी आणि लघवीला जाऊ द्यावे.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार पूर्ण बरा होतो का?

होतो, पण ते प्रत्येकाला शक्य नसते. १९८४ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण केलेल्या एका मुलीचा सिकलसेलही बरा झाल्याची नोंद झाली आणि ही वाट खुली झाली. सख्ख्या भावंडाचे ऊतक पूर्ण जुळत असेल आणि मूल लहान असेल तर यश सर्वाधिक मिळते. प्रत्येक सख्खे भावंड जुळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि ते स्वतः रुग्ण नसावे लागते. वाहक भावंड दाता होऊ शकते. खर्च लाखांच्या घरात जातो. त्याशिवाय कित्येक महिने रुग्णालयाजवळ राहणे, जंतुसंसर्गाचा धोका आणि पुढे अपत्यप्राप्तीवर होऊ शकणारा परिणाम या गोष्टींचा विचार आधी करावा लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसह देशातील काही मोठ्या केंद्रांत हे उपचार होतात.

जनुकीय उपचार आला आहे, मग आमच्या मुलाला तो कधी मिळेल?

ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून घेतात आणि जनुक ठरावीक ठिकाणी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा रक्तपेशींपुरता काम करणारा नियंत्रक भाग निकामी करतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद ठेवणारा हा अडसर दूर झाला की ते पुन्हा तयार होऊ लागते, म्हणजे १९४८ सालच्या निरीक्षणाचाच हा पुढचा टप्पा. बदललेल्या पेशी परत सोडण्यापूर्वी जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते. अमेरिकी मान्यतेच्या वेळी मूल्यमापनास पात्र ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र झटका आला नव्हता. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

भारतातही हे काम सुरू आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या जनुकविषयक संशोधन संस्थेत डॉ. देबज्योती चक्रवर्ती यांच्या चमूने जनुक अधिक अचूकपणे कापणारे वेगळे प्रथिन वापरून उपचार विकसित केला. तो नोव्हेंबर २०२५ मध्ये भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ म्हणून जाहीर झाला. त्याच्या तंत्रज्ञानासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी भागीदारी करण्यात आली आहे. किंमत परदेशी उपचाराच्या अगदी छोट्या अंशावर आणणे हा त्यामागचा हेतू आहे. तो अजून तालुक्याच्या रुग्णालयात मिळणारा उपचार नाही, आणि मानवी चाचण्यांच्या पायऱ्या चढूनच तो रुग्णांपर्यंत येईल. आशा ठेवावी, पण त्या आशेवर हायड्रॉक्सियुरिया बंद करू नये. जनुकीय उपचाराच्या दिवसापर्यंत मुलाची फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू शाबूत राहिले तरच त्याला त्याचा लाभ घेता येईल.

हायड्रॉक्सियुरियाशिवाय अन्य नवी औषधे आहेत का?

अमेरिकेत २०१७ मध्ये एल-ग्लुटामिन आणि २०१९ मध्ये क्रिझानलिझुमॅब व व्होक्सेलोटर यांना मान्यता मिळाली. पुढील चाचण्यांत अपेक्षित फायदा न दिसल्याने युरोपने २०२३ मध्ये क्रिझानलिझुमॅबची मान्यता काढून घेतली. व्होक्सेलोटर त्याच्या उत्पादक कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले. सिकलसेल मुळापासून बरा करतो असे सांगून महागडी पुडी विकणाऱ्यांच्या मागे मात्र जाऊ नये. तसे करणारी कोणतीही मुळी, काढा किंवा भस्म सिद्ध झालेले नाही.

राष्ट्रीय अभियानात २०४७ पर्यंत ‘निर्मूलन’ म्हटले आहे. हे कसे शक्य आहे?

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक जणांची तपासणी झाली होती आणि २ लाखांहून अधिक रुग्ण आढळले होते. जनुक समाजातून नाहीसे होणार नाही. लग्नाआधी माहिती आणि समुपदेशन मिळून, रुग्ण म्हणून जन्मणारी मुले कमी व्हावीत, असा त्याचा अर्थ आहे. तपासणी मोजणे सोपे आहे. सापडलेल्यांपैकी किती जणांना आज औषध सुरू आहे आणि किती मुले गेल्या वर्षी रुग्णालयात दाखल झाली, हे आकडे प्रत्येक तालुक्याने जाहीर केले पाहिजेत. या बाबतीत दक्षिण गुजरात पाहण्यासारखा आहे. तिथे डॉ. यझदी इटालिया यांनी दीर्घकाळ काम केले आणि त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी नंदुरबारच्या डोंगरपाड्यांत अनेक वर्षे हे काम केले आणि त्यांना २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले.

दोघेही वाहक आहोत आणि पत्नी गरोदर आहे. काय करावे?

वेळ न घालवता, शक्यतो दहाव्या आठवड्यापूर्वी, आनुवंशिक सल्ला घ्यावा. १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाचे जनुकीय निदान करता येते, आणि मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत त्याचा दीर्घ अनुभव आहे. ही चाचणी १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदणीकृत केंद्रातच होते. पुढचा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा आणि जोडप्याचा आहे, त्यात समुपदेशकाने माहिती द्यावी, दबाव नव्हे.

सिकलसेल रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का?

होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. अर्ज शासनाच्या संकेतस्थळावर करून जिल्हा रुग्णालयातील मंडळासमोर तपासणी द्यावी लागते. वाहकाला हे प्रमाणपत्र लागू होत नाही.

संशोधनात सहभागी व्हा असे सांगितले गेले तर काय विचारावे?

आपल्या रक्ताचे नमुने कोठे जातील आणि किती काळ ठेवले जातील, निष्कर्ष आपल्याला कळवले जाणार का, चाचणीदरम्यान अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, चाचणी संपल्यावर औषध लागू पडले असेल तर ते पुढे मिळत राहणार का, आणि मध्येच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील का, हे प्रश्न जरूर विचारावेत. संमतिपत्र मराठीत आहे म्हणून ते कळते असे नाही. गोंडी, माडिया, पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरात ते त्या भाषेत तोंडी समजावले गेले पाहिजे आणि विचार करायला घरी नेऊ दिले पाहिजे. नैतिकता समितीची मान्यता आणि चाचणीसाठी भारताच्या चिकित्सीय चाचणी नोंदणीतील क्रमांक आहे का, हेही विचारावे. तो नसेल तर सही करू नये.